पाच मिनिटांचं इंजिन आणि आत्याचं मौन

यंदाच्या मौनी अमावस्येला सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी मी माझ्या सख्ख्या आत्याला चालू गाडीत बसवून बाहेरून दार लॉक केलं. चावी आत होती. टाकीत आदल्या संध्याकाळी भरलेलं एक हजार रुपयांचं पेट्रोल होतं. हजर माणसं: मी, माझी बायको माधवी, मुलगी रेवती, समोरच्या घरातले दुबेजी आणि (काचेच्या पलीकडे) कुसुमआत्या, वय चौऱ्याहत्तर. मी एका सरकारी खात्यात लेखापाल आहे, त्यामुळे आकडे बरोबर असतील. बाकीच्या बाबतीत माधवीचं म्हणणं वेगळं आहे.

आधी गाडीबद्दल सांगतो. गार इंजिन सुरू करून लगेच गाडी हाकायची नाही, ते आधी तापू द्यायचं, हे मला वडिलांनी शिकवलं. ते स्वतः गाडी चालवत नसत. खात्याच्या जीपमध्ये मागे बसत आणि ड्रायव्हर काय करतो ते बारकाईने बघत. ती जीप डिझेलची होती आणि तापवल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. माझी गाडी पेट्रोलची आहे, नऊ वर्षांची आहे आणि चावी फिरवताच पहिल्या झटक्यात सुरू होते. तरीही मी एक तक्ता केला आहे. उन्हाळ्यात एक मिनिट, पावसाळ्यात दोन, हिवाळ्यात पाच. हा तक्ता चावीच्या खुंटीशेजारी भिंतीवर चिकटवलेला आहे आणि त्याला मी प्लॅस्टिकचं कव्हरही घातलं आहे.

रेवती इंदूरला इंजिनीअरिंगला आहे. तिला हा तक्ता बघवत नाही.

"बाबा, आताच्या गाड्यांना इतकं लागतच नाही. अर्धा मिनिट खूप झालं. मग हळूहळू चालवत न्यायची, चालता चालता तापते."

"कितवं वर्ष तुझं?"

"तिसरं."

"मग चौथं होऊ दे, नंतर बोलू."

समोरच्या दुबेजींची तक्रार शास्त्रीय नव्हती, नाकाची होती. उज्जैनमधल्या आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीतली गल्ली अठरा फूट रुंद. मी गाडी बाहेर काढून फाटकासमोर उभी करतो तेव्हा तिचं तोंड चौकाकडे असतं आणि धुराचं नळकांडं बरोबर दुबेजींच्या ओट्याकडे. त्या ओट्यावर दुबेजी सकाळी सहाला अनुलोम-विलोम करायला बसतात.

"काळे साहब," ते मला एकदा म्हणाले, "मैं एक नाक से शुद्ध वायु लेता हूँ, और दूसरी से आपकी गाड़ी निकलती है!"

मी त्यांना शांतपणे सुचवलं की पाचच मिनिटांचा प्रश्न आहे, आपण सहा वाजून दहा मिनिटांनी बसावं.

"मुहूर्त आपके साइलेंसर से पूछ के नहीं आता, साहब!"

तेव्हापासून आमचं बोलणं नमस्कारापुरतं उरलं होतं.

आता आत्या. कुसुमआत्या बऱ्हाणपूरला असते. तिचा संकल्प असा की बारा वर्षं मौनी अमावस्येला उज्जैनला यायचं, डोळे उघडल्यापासून क्षिप्रेत बुडी मारेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही आणि रामघाटावर स्नान करायचं. (आमच्या पंचांगात ती पौषातली अमावस्या, इथल्या लोकांची माघातली. दिवस एकच, गर्दीही एकच.) ज्यांना आत्या माहीत नाही त्यांना हा संकल्प सोपा वाटेल. आत्या बसमध्ये चढली की उतरेपर्यंत शेजारच्या बाईच्या सुनेचं माहेर तिला कळलेलं असतं. फोनवर चुकीचा नंबर लागला तरी ती वीस मिनिटं बोलते. अशा बाईने अकरा वर्षं हे पाळलं होतं आणि यंदाचं बारावं, शेवटचं. मध्ये एक शब्द जरी तोंडून गेला, तर पुन्हा पहिल्यापासून. मी तिथल्या तिथे हिशेब केला. पुढच्या वर्षी पंच्याहत्तराव्या वर्षी सुरुवात, म्हणजे संकल्प पुरा होताना वय शहाऐंशी.

"सुधीर," आत्या म्हणाली, "तुझ्या बापाने तुला गणित शिकवलं, कुठे करायचं ते नाही शिकवलं."

हे आदल्या दिवशीचं. त्या दिवशी ती दुप्पट बोलली. उद्याचा कोटाही आजच संपवते, असं तिने स्वतःच जाहीर केलं होतं.

वेळेचा मामला असा होता. पर्वाच्या दिवशी सात वाजले की पोलीस नदीकडच्या रस्त्यावर कठडे लावतात आणि चारचाकी पुढे सोडत नाहीत. अमावस्या आठ वाजून बारा मिनिटांनी संपत होती. घाटापर्यंत वीस मिनिटं. म्हणून सहा वाजून दहा मिनिटांनी निघायचं, असं मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. त्यातली पाच मिनिटं अर्थातच इंजिनाची.

बरोबर सहाला मी गाडी फाटकाबाहेर आणली. हाडं गोठवणारी थंडी होती. आत्या अंगणात शालीत गुरफटून उभी होती, तेव्हा म्हटलं, ही बिचारी बाहेर का कुडकुडते, आत बसू दे. तिला मागच्या सीटवर बसवलं. तिची काठी डिक्कीत ठेवली, कारण काठीच्या टोकाने सीटचं कव्हर खराब होतं. मग बजावलं,

"आत्या, गाडी चालू ठेवतोय. पाच मिनिटं. मी सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. काय? कशालाही नाही!"

आत्याने मान डोलावली. अमावस्येला ती फार आज्ञाधारक असते, वाद घालता येत नाही ना!

मग मी समोरच्या काचेवरचं दव पुसायला उतरलो. आणि आता जे सांगतो ते सांगताना मला आजही घाम येतो. आमच्या गाडीत चावी आत असताना दार सहजासहजी लॉक होत नाही. कंपनीने विसरभोळ्या माणसांसाठी ती सोय ठेवली आहे. दाराच्या आतली लॉकची खुंटी दाबून, बाहेरचं हँडल वर उचलून धरून, तसंच दार लोटावं लागतं, तरच चारही दारं लॉक होतात. मी खुंटी दाबली. हँडल उचलून धरलं. दार लोटलं. चालू गाडी उघडी सोडून दोन पावलंही जायचं नाही, हा माझा दुसरा नियम! विसरभोळ्या माणसाच्या हातून जे झालं नसतं, ते माझ्या हातून नियमाप्रमाणे झालं.

काच पुसून झाली. सहा वाजून नऊ मिनिटं. माधवी कपड्यांची पिशवी घेऊन आली आणि तिने हँडल ओढलं.

"अहो, उघडा ना."

"उघडंच आहे." मी माझ्या बाजूचं ओढलं. नव्हतं.

"चावी?"

मी बोटाने दाखवली. स्टिअरिंगखाली चावी लटकत होती आणि इंजिनाच्या थरथरीने तिला अडकवलेला छोटा गणपती आनंदाने डोलत होता.

"काही गोष्ट नाही," माधवी म्हणाली. (ती उज्जैनचीच आहे. संकट आलं की तिचं मराठी हिंदीच्या वळणाने जातं.) "दुसरी चावी आणा."

मी काच पुसायच्या फडक्याची घडी घालायला लागलो.

"दुसरी चावी कुठे आहे?"

"सुरक्षित आहे."

"कुठे सुरक्षित आहे?"

"बँकेच्या लॉकरमध्ये."

एवढ्यात रेवती बाहेर आली. तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, "बाबा, बँक किती वाजता उघडते?"

"दहा."

"आणि अमावस्या?"

उत्तर तिला माहीत होतं. फ्रिजवर लावलेलं होतं.

एव्हाना आत्याला काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं. तिने आतून तिच्या बाजूचं दार उघडायचा प्रयत्न केला. ते उघडलं नाही. मागच्या दोन्ही दारांना लहान मुलांसाठीचं कुलूप लावलेलं आहे. ते मी रेवती बारा वर्षांची असताना लावलं आणि त्यानंतर काढायचं काही कारण घडलं नव्हतं. मग आम्ही तिघांनी खुणा सुरू केल्या. पुढे जा! पुढच्या दाराची खुंटी वर कर! आत्याने स्वतःच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात जोडले. दोन सीटच्या मधून पुढे जायला ती काही शाळकरी मुलगी नव्हती.

"काठीने कर म्हणावं," माधवी म्हणाली.

काठी डिक्कीत होती.

मग आत्याने एक खूण केली. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, एक बोट रोखलं आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणतेय?"

"खाली काहीतरी आहे."

"पाय दुखत असतील."

"बाथरूमला जायचं असेल!" माधवी घाबरून म्हणाली.

मला मात्र भलतीच भीती वाटली. ही आता काहीतरी ओढेल, गिअर पडेल, गाडी आत्यासकट चौकात जाईल! मी दोन्ही पंजे पसरून जोरजोरात हलवले. "नको! नको! हात लावू नको!"

आत्याने हात मागे घेतला आणि शालीत घातला.

सव्वासहाला दुबेजी नाकपुडीवर बोट ठेवूनच ओट्यावरून उतरले.

"काळे साहब, आज पाँच मिनट के पंद्रह हो गए। मैं गिन रहा हूँ।"

गेल्या कित्येक महिन्यांत मला त्यांना बघून इतका आनंद झाला नव्हता. मी सगळी हकिकत सांगितली. दुबेजींच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग सहानुभूती आली, आणि त्या दोन्हींच्या मागे जे आलं ते त्यांनी मफलरने झाकलं.

"मतलब माताजी अंदर, चाबी अंदर, और आप बाहर।"

"हो."

"और इंजन गरम हो रहा है।"

"हो."

"बहुत बढ़िया गरम हो रहा है!"

माझ्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, आज पर्व आहे, पुलाच्या अलीकडे रस्ते बंद होतायत, आठच्या आधी येणं होणार नाही. मग फोनवरच त्याने युक्ती सांगितली. पुढच्या काचेच्या रबरातून एक पातळ पट्टी खाली सरकवायची, आत लोखंडी सळई लागते, ती वर ओढायची. मी धावत जाऊन माझी स्टीलची फूटपट्टी आणली. तीस सेंटिमीटर, बावीस वर्षं वापरातली, एकही आकडा पुसलेला नाही. ती रबरात सरकवली. दहा सेंटिमीटर गेली. वीस गेली. पंचवीसला काहीतरी लागलं.

"लागलं! लागलं!"

"ओढा!"

मी ओढायला बोटं सैल केली आणि पट्टी सुळकन खाली गेली. दाराच्या पोटात खण्ण झालं. पट्टी अजून तिथेच आहे. खड्ड्यातून गेलो की आवाज येतो.

आत्याने पुन्हा बोट खाली रोखलं. भुवया वर. मी पुन्हा पंजे हलवले. नको!

साडेसहा झाले. बंद गाडीत श्वासाने काचा धुरकट व्हायला लागल्या आणि आत्या हळूहळू दिसेनाशी होऊ लागली. तेवढ्यात आतून काचेवर बोट टेकलेलं दिसलं. आत्या लिहीत होती! आम्ही चौघं काचेला डोकी लावून उभे. बाहेरून अक्षर उलटं दिसत होतं. रेवतीने वाचलं, "दा."

"दार!" मी म्हणालो. "दाराबद्दल म्हणतेय."

"ते आम्हालाही माहीत आहे हो, दाराबद्दलच चाललंय सगळं!" माधवी म्हणाली.

आत्या दुसरं अक्षर काढणार, इतक्यात दुबेजी किंचाळले, "माताजी, लिखिए मत! लिखना भी बोलना ही है! मौन टूट जाएगा!"

हे आत ऐकू गेलं. आत्याचा हात थबकला. तिने घाईघाईने शालीच्या टोकाने अक्षर पुसलं आणि डोळे मिटून कान धरले.

"लिहिण्याने मोडतं?" मी दुबेजींना विचारलं.

"पक्का नहीं मालूम। पर बारह साल का सवाल है, रिस्क क्यों लेना?"

रेवती गाडीभोवती फिरत होती. ती थांबली. "बाबा, मागच्या काचा बटणाने खाली होतात ना? इंजिन चालू आहे, म्हणजे चालतील."

"नाही चालणार. ड्रायव्हरच्या दारावर एक बटण आहे, ते दाबलं की मागच्या काचा बंद. ते मी कायम दाबून ठेवतो."

"आत्ताही दाबलेलं आहे?"

"नऊ वर्षं दाबलेलं आहे!"

मी हे इतक्या ठामपणे म्हणालो की तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी गप्प बसली. खरंतर ते बटण ड्रायव्हरच्या काचेतून डोकावलं असतं तर दिसलं असतं. पण जे मला माहीतच होतं ते बघायला कशाला डोकावायचं?

पावणेसातला गल्लीत बारा माणसं जमली. एकाने विचारलं, आजींना का कोंडलंय? दुसऱ्याने त्याला सांगितलं की काळे साहेब गाडी तापवतात. त्याला ते पुरेसं वाटलं. मला आतला काटा दिसत होता. इंजिनाच्या तापमानाचा काटा एरवी मधोमध असतो. आता तो मध्य सोडून पुढे चालला होता. उभ्या गाडीत रेडिएटरचा पंखा फिरायला हवा, तो फिरत नव्हता. (त्याची मोटर गेली होती. पाच मिनिटांत हे कधीच कळलं नसतं, त्यासाठी पंचेचाळीस मिनिटं लागतात.)

"अहो, आत हवा तरी आहे का?" माधवीचा आवाज आता रडवेला झाला होता. "चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आहे. गाडी खड्ड्यात गेली! काच फोडा!"

आत्या त्या धुरकट काचेमागे शांत बसली होती, पण तिची नजर माझ्या मनगटावरच्या घड्याळावर होती. तिथून तिला आकडे दिसत नसतील. तरी ती बघत होती. आणि मला एकदम तो माझा हिशेब आठवला. शहाऐंशी! तिलाही तोच आठवत असणार, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"फोडू या," मी म्हणालो.

दुबेजींनी त्यांच्या कुंडीखालची वीट आणली. मी त्यांना थांबवलं.

"एक मिनिट. कोणती फोडायची?"

"मतलब?"

"पुढची मोठी काच सर्वांत महाग. बाजूची त्याच्या निम्म्याहून कमी. मागच्या दारातली ती छोटी तिकोनी सर्वांत स्वस्त दिसते, पण तिथून हात खुंटीपर्यंत पोचेल का ते मोजायला..." मी फूटपट्टीसाठी खिशात हात घातला.

"बाबा!!" रेवती ओरडली.

"बाजूची," मी म्हणालो. "मागची डावी. आत्याच्या पलीकडची."

दुबेजी त्या बाजूला गेले. मफलर कमरेला बांधला. "जय महाकाल!" म्हणून त्यांनी वीट डोक्यावर उचलली. काचेतून आत्याला एक माणूस वीट उगारून उभा दिसला. तिने दुबेजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नेहमीप्रमाणे पंजे वर करणार होतो, पण तिने या खेपेला माझी वाट बघितली नाही. तिचं बोट खाली गेलं.

सर्रर्र.

तिच्या बाजूची काच अगदी सावकाश, पूर्ण खाली गेली.

दुबेजींचे हात वरच राहिले. त्या उघड्या खिडकीतून उबदार वाफेबरोबर आत्याचा चेहरा बाहेर आला. गाल लाल, अंगाला घाम. त्या सबंध गल्लीत ऊब मिळालेली तेवढी एकच व्यक्ती होती. तिने एका बोटाने दारावरचं बटण दाखवलं, मग त्याच बोटाने मला दाखवलं, आणि मग माझ्यासारखे दोन्ही पंजे पसरून हलवले. नको! नको! हात लावू नको!

"काल जाम घेताना त्यांनी हीच काच खाली केली होती की हो!" माधवी कपाळावर हात मारून म्हणाली. (उज्जैनमध्ये पेरूला जाम म्हणतात.) "मी बघितलं होतं! हातगाडीवाल्याशी भाव करत होत्या!"

मागच्या महिन्यात सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी माझं ते बटण वर करून ठेवलं होतं. नऊ वर्षांनी! आणि आत्या पहिल्या मिनिटापासून फक्त परवानगी मागत होती. काचेवरचं ते 'दा' दाराचं नव्हतं, 'दाबू का?'चं होतं. रेवतीने मोजलं होतं. आत्याने विचारलं सात वेळा, मी नाही म्हणालो सात वेळा.

रेवतीने खिडकीतून हात घालून पुढची खुंटी वर केली. मी उडी मारून इंजिन बंद केलं, बाहेरून मागचं दार उघडलं, आत्याला हात दिला, आणि नेमक्या त्याच वेळी बॉनेटखालून फुस्स करून पांढऱ्या वाफेचा लोट उठला. आत्या दचकली. तिचं तोंड उघडलं. तिच्या घशातून "अ..." निघतोय असं दिसलं आणि माधवीने झेप घालून सासूच्या जावेचं... चुकलो, नवऱ्याच्या आत्याचं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबलं! (मलाही त्या क्षणी नाती नीट आठवेनात.) चार सेकंद तशीच गेली. माधवीने हात काढला. आत्याने आवंढा गिळला. शब्द त्याच्याबरोबर खाली गेला.

सात वाजून सहा मिनिटं. गाडी उकळत होती, आणि तसेही चारचाकीचे रस्ते बंद झाले होते.

"माताजी मेरे साथ," दुबेजी म्हणाले आणि त्यांनी स्कूटर काढली. वाहतुकीचे नियम मी सोडू शकत नाही, म्हणून रेवतीचं गुलाबी हेल्मेट आत्याला घातलं. त्यावर डाव्या बाजूला मांजराचं चित्र आहे. शाल, नऊवारी, कपाळाला कुंकू आणि वर मांजर. दुबेजींनी स्कूटर सुरू केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"दुबेजी, ज़रा गरम होने देते..."

दुबेजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. गेले.

मी रेवतीच्या मागे तिच्या स्कूटीवर. मांडीवर कपड्यांची पिशवी, हातात आत्याची काठी. माधवी उकळत्या गाडीजवळ थांबली. कठड्यापाशी पोचलो तर एक हवालदार दुबेजींची स्कूटर अडवून आत्याची चौकशी करत होता.

"माताजी, कहाँ से आई हो? कहाँ जाना है? साथ में कौन है?"

आत्या गप्प. हेल्मेटमधून नुसते डोळे.

"मौन है इनका," दुबेजी म्हणाले.

"सुबह से यही चल रहा है," हवालदार वैतागून म्हणाला. "जिससे पूछो वही मौन! आगे निकलो!"

तिथून पुढे चालत. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. रेवतीने आत्याचा हात धरला, दुबेजी "माताजी को रास्ता दो!" करत पुढे, मी काठी उंच धरून मागे. सात वाजून एकोणपन्नास मिनिटांनी आत्या पायऱ्या उतरून बर्फासारख्या पाण्यात शिरली. एक बुडी. दोन. तीन. मी घड्याळ बघत होतो. तेवीस मिनिटं शिल्लक असताना बारावं वर्ष पुरं झालं! मला हायसं वाटलं. दुबेजींनी तर माझा हातही हातात घेतला.

आत्या वर आली. केसांतून पाणी गळतंय, दात कडकडतायत. पायरीवर एक पंडितजी गंधाची वाटी घेऊन तयार होते. आत्याने डोळे पुसले, इकडेतिकडे बघितलं, आणि मी दिसताच पहाटेपासून कोंडलेला तिचा आवाज घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"गाढवाऽऽ!"

कबुतरं उडाली.

पंडितजींची वाटी हातातच राहिली. "माताजी," ते हळूच म्हणाले, "मौन के बाद पहला नाम तो प्रभु का लेते हैं।"

आत्याचा हात तोंडावर गेला. तिचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे? फुकट गेलं का रे सुधीर? बारा वर्षं?"

एवढ्या लहान आवाजात आत्या बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. गाडीत तासभर कोंडून ठेवली तेव्हा ती इतकी म्हातारी दिसली नव्हती. आता मात्र माझा हिशेबबिशेब कुठल्या कुठे गेला.

पंडितजींनी विचार केला. "यह शब्द किसके लिए था?"

मी काठीसकट हात वर केला. "मेरे लिए, पंडितजी."

"आप कौन?"

"भतीजा."

"सच बताइए। कारण था?"

माझ्याआधी दुबेजीच बोलले. पाचच वाक्यांत त्यांनी सगळं सांगितलं, त्यात अनुलोम-विलोमसुद्धा आलं. पंडितजी ऐकता ऐकता दोनदा खोकले. मग आत्याच्या कपाळाला गंध लावून म्हणाले, "माताजी, आपका व्रत पूरा है। स्नान तक मौन था, स्नान तक रहा। बाद का दोष इनका है, इनके नाम से जप कर देंगे। दो सौ इक्यावन।"

आत्याचा चेहरा उजळला आणि ती जी बोलायला लागली ती आधी पंडितजींशी, मग शेजारच्या दोन बायकांशी, मग परतीच्या वाटेवर त्या हवालदाराशीही बोलली. मी मात्र तिथेच थांबून पाकीट काढलं आणि रामघाटावरच्या पंडितजींना दोनशे एक्कावन्न रुपये रोख दिले, दुबेजींच्या समक्ष. एरवी मी घासाघीस केली असती, निदान कशाबद्दल ते लिहून तरी घेतलं असतं. पण बारा वर्षं मौन पाळलेल्या बाईच्या तोंडून जो पहिला शब्द निघाला, तो चुकीचा आहे असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.